दादाची टेप

आमच्या घराण्यात माळा साफ करण्याचे काम दिवाळीच्या आधी ठरते आणि दिवाळी संपता संपता सुरू होते. गेल्या भाऊबीजेला मी डोंबिवलीला दादाकडे पोचले, तेव्हा पाट मांडलेला होता, निरांजन तयार होते, वहिनी चकल्यांचा डबा उघडत होत्या, आणि ज्याला ओवाळायचे तो गृहस्थ स्टुलावर उभा राहून कमरेपर्यंत माळ्यात शिरलेला होता.

"धर," आतून आवाज आला. "सांभाळून. जड आहे."

मी हात वर केले. जुन्या व्हीसीआरसारखी दिसणारी, पण त्याहून बरीच जड अशी एक पेटी खाली आली. तिच्यामागून चपलांचे एक खोके आले. खोक्यात वायरींचे भेंडोळे, फ्लॉपी आणि रबरबँड लावून ठेवलेल्या चार-पाच चिमुकल्या कॅसेटी होत्या. त्यांतल्या एकीवर दादाच्या अक्षरात 'गाव १' असे लिहिलेले होते. ते अक्षर दिसले मात्र, माझ्या पोटात गोळा आला. चाळिशी उलटलेल्या, रोज सत्तर मुलांपुढे निर्भयपणे केशवसुत शिकवणाऱ्या बाईने एका कॅसेटला का भ्यावे, हे सांगायचे तर मला १९९७ सालात जावे लागेल.

त्या वेळी दादा चोवीस वर्षांचा होता आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत असे. अधूनमधून स्टुडिओतली कामेही त्याला मिळू लागली होती. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून त्याला अकाई कंपनीचा एक सॅम्पलर घेऊन दिला होता. सेकंडहँड. आमच्या दोन खोल्यांत त्या यंत्राला देवाच्या खालोखाल मान होता. त्याच्यावर पाण्याचे भांडे ठेवणाऱ्याला आई सोडत नसे.

सॅम्पलर म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हते. आता कळते ते दादाने सांगितले तेवढेच. बाजाची पेटी सूर काढते. सॅम्पलर स्वतः काही काढीत नाही. तो ऐकलेले लक्षात ठेवतो. सेकंदाला ४४,१०० वेळा तो आवाजाचे माप घेतो आणि प्रत्येक माप उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामधल्या एका आकड्याने टिपून ठेवतो. मग कीबोर्डची पट्टी दाबली, की त्याच आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. पट्टी कीबोर्डची आणि आवाज मात्र झांजेचा, ताशाचा, हवा तर कुकरच्या शिट्टीचा! (दादाने तोही घेतला होता. त्या शिट्टीवर त्याने 'भूप' वाजवून दाखवला तेव्हा आई घाईघाईने स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पाहून आली.)

पण या एकपाठी यंत्रात एक मोठा दोष होता. वीज गेली, की ते सगळे विसरे. अगदी सगळे. पुन्हा चालू केले की पाटी कोरी. आणि आमच्याकडे तेव्हा वीज जायला काही निमित्त लागत नसे. म्हणून जे जे त्याला शिकवले, ते बंद करण्यापूर्वी दुसरीकडे उतरवून ठेवावे लागे. ते उतरवायचे फ्लॉपीवर. एका फ्लॉपीत मावणार १.४४ मेगाबाइट, म्हणजे चांगल्या प्रतीच्या एकपदरी आवाजाची जेमतेम सोळा सेकंदे. दादाच्या सॅम्पलरची मेमरी होती आठ मेगाबाइट. ती एकदा उतरवायची म्हणजे सहा फ्लॉपी झाल्या. कार्यक्रमाच्या वेळी मंचामागे अंधारात "चौथी कुठे आहे, चौथी?" असे ओरडत तो फ्लॉपी चाळत असायचा. त्यातून पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी येई. एका गणेशोत्सवात पाचव्या फ्लॉपीने दगा दिला आणि अख्खे भजन टाळांवाचून झाले.

यावर त्याला उपाय सापडला तो डॅटचा. डॅट म्हणजे डिजिटल टेप. १९८७ साली जपानात ही टेप बाजारात आली. कॅसेट काडेपेटीहून थोडी मोठी, आतली फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद. यंत्रातले डोके मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेत त्या फितीवर तिरप्या रेघा ओढत जाते, आणि एकेक रेघ इतकी बारीक, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत तशा चार-पाच मावाव्यात. ही टेप खरे तर गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी. पण गाणेही तीवर आकड्यांतच लिहिले जाते ना! मग सॅम्पलर बनवणाऱ्यांनी युक्ती काढली: मेमरीतली सगळी माहिती गाण्याचे सोंग घेऊन डिजिटल वायरीतून टेपकडे पाठवायची. रेकॉर्डरला वाटते, कुणीतरी गाते आहे. तो इमानाने उतरवून घेतो. पुढे गरज पडली, की तेच 'गाणे' उलट सॅम्पलरला ऐकवायचे. तो ते ओळखतो आणि आपले विसरलेले सारे आठवतो. सहा फ्लॉपींचे काम एका कॅसेटच्या कोपऱ्यात काही मिनिटांत होई. दादाने एका परिचिताकडून जुना पोर्टेबल डॅट रेकॉर्डर मिळवला त्या दिवशी तो घरात चक्क नाचला होता.

मात्र हे सोंग यंत्रापुरतेच. माणसाने कान लावला तर त्याला ऐकू येते ती नुसती करकर. फॅक्सच्या यंत्रात वाळू घातल्यासारखी.

इथे माझ्या विषयाचा मोह मला आवरत नाही. फितीवर धूळ असते, ओरखडा असतो, एखादा आकडा वाचता येत नाही. म्हणून डॅटमध्ये मूळ आकड्यांबरोबर पडताळ्याचे आणखी आकडे लिहितात, आणि शेजारचे आकडे शेजारी न ठेवता लांब लांब विखरून ठेवतात. एके ठिकाणी ओरखडा पडला तरी बाकीच्यांवरून हरवलेला आकडा शोधता यावा. हे दादा सांगत होता तेव्हा मला घनपाठी वैदिक आठवले. पहिला शब्द, दुसरा, मग दुसरा, पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, उलट, पुन्हा सुलट. लहानपणी मला तो निव्वळ घशाचा व्यायाम वाटे. पण एखादा शब्द निसटला तर पुढच्या तीन फेऱ्यांत तो पकडला जाणारच, अशी ती व्यवस्था आहे.

आणि इतके करूनही आकडा सापडलाच नाही तर? तर डॅटचा रेकॉर्डर अंदाज करतो. आजूबाजूचे आकडे पाहतो आणि मधला आपल्या मनाने भरतो. गाण्यात ते खपून जाते. सेकंदाच्या ४४,१०० भागांपैकी एक खोटा असला तर कानाला पत्ता लागत नाही. पण सोंग घेतलेल्या माहितीत हा अंदाज म्हणजे शुद्ध घात. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत आमचे हेच दुखणे आहे. 'येथे अक्षर गेले आहे' म्हणून जागा कोरी सोडणारा लेखनिक परवडला; चतुराईने ओवी पुरी करणारा पुढच्या पिढ्यांना भोवतो. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला बसावे लागले, ते अशाच हौशी मंडळींच्या कृपेने.

असो. मी माझ्याच गुन्ह्यापासून दूर पळते आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नानंतर आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, गोंधळ घातला होता. गोंधळी वयाने सत्तरीपलीकडचे. त्यांचा संबळ त्यांच्या वडिलांचा. त्यांचा मुलगा सुरतेला गिरणीत गेलेला. संबळ पुढे कोण वाजवणार, हा प्रश्न गावात कुणी विचारीतही नव्हते. दादाने रेकॉर्डर नेला होता. रात्री सबंध गोंधळ त्याने मुद्रित केला, आणि दुसऱ्या दिवशी पडवीत आजोबांना बसवून संबळाचा एकेक ठोका वेगवेगळा घेतला: सरळ काठीचा, वाकड्या काठीचा, हलका, जोराचा, दाबलेला, मोकळा. आजोबा आधी हसले, मग वैतागले. "दाणा दाणा मोजून कुणी जेवतं का, लेका?" ते म्हणाले. पण बसले मात्र दोन तास.

घरी येऊन दादाने महिनाभर खपून ते ठोके सॅम्पलरात घातले. पट्टी हळू दाबली तर हलका ठोका, जोरात दाबली तर जोराचा. मला आठवते, एका रविवारी त्याने ते वाजवले आणि शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "आज तुमच्याकडे गोंधळ आहे वाटतं?" त्या दिवशी दादाच्या चेहऱ्यावर जे काही होते, ते मी पुन्हा फारसे पाहिले नाही.

ऑगस्टात माझी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती. मी अकरावीत होते आणि बक्षिसावर माझा डोळा होता. दादा दोन दिवसांच्या कार्यक्रमाला पुण्याला गेला होता. रेकॉर्डर टेबलावर होता, आत कॅसेट होती. आपले भाषण आपल्याला कसे ऐकू येते हे पाहावे, म्हणून मी इअरफोन लावला आणि बटण दाबले. करकर! पुढे सरकवले. करकर! पाच-सहा मिनिटे मी ऐकले असेल. कॅसेट खराब झाली आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मी माइक जोडला, लाल बटण दाबले आणि तीन मिनिटे भाषण केले. ऐकले, 'संस्कृती' शब्दावर जोर कमी पडतो असे वाटले, फीत होती तशी गुंडाळून ठेवली, आणि विसरले.

भाषणाचा विषय होता 'आपल्या लोककलांचे जतन'. मला दुसरे बक्षीस मिळाले.

पुढच्या आठवड्यात दादाला एका मालिकेच्या शीर्षकगीतासाठी बोलावणे आले. संगीतकारांना संबळ हवा होता, आणि दादाकडे तो आहे हे त्यांच्या कानावर गेले होते. सकाळी नऊची शिफ्ट. सॅम्पलर, रेकॉर्डर, टेप घेऊन तो पहाटेच्या गाडीने गेला. दुपारी दोनला परत आला. जेवला नाही. आईने विचारले तेव्हा म्हणाला, "टेप वाचली नाही. मध्येच थांबली." तिथे अर्धा तास सगळे थांबले, मग कुणीतरी ढोलकीचा तयार आवाज लावला आणि काम पुढे गेले.

मी आतल्या खोलीत होते. 'मध्येच' हा शब्द ऐकला आणि सगळे समजले. बाहेर जाऊन सांगायला हवे होते. उद्या सांगू म्हटले. मग सहामाही परीक्षा आली. मग दिवाळी आली; मी त्याला ओवाळले, त्याने मला पेन दिले. एकदा सांगायचे राहिले, की प्रत्येक दिवशी ते अधिक अवघड होत जाते, याचा अनुभव बहुतेकांना असेल. मी तर त्यावर पदवी घेतली, एम.ए. झाले, नोकरीला लागले.

त्या एका सकाळने दादाचे आयुष्य बदलले, असे म्हणणे नाटकी होईल. त्यानंतरही तीन-चार वर्षे तो वाजवत होता. पण त्या संगीतकारांचे बोलावणे पुन्हा आले नाही हे खरे, आणि पुढे संगणकानेच सॅम्पलरचे काम घेतले तेव्हा नव्याने खर्च करण्याची आमची ऐपत नव्हती हेही खरे. तो ध्वनियंत्रे विकणाऱ्या दुकानात नोकरीला लागला. आज तिथेच व्यवस्थापक आहे. सुखी आहे. मी त्याला अनेकदा निरखून पाहिले आहे, सुखी आहे.

तर गेल्या भाऊबीजेची गोष्ट. माळ्यावर चढण्याचे कारण माझी भाची. तिच्या कॉलेजच्या नाटकाला टाळ हवे होते. मोबाइलवर शोधले तर शंभर प्रकारचे टाळ मिळतात. पण तिला बाबांच्या यंत्रातले 'आपले' टाळ हवे होते. दादाने दुकानातल्या ओळखीने एक चालू डॅट मशीन आठवड्यासाठी उसने आणले होते. सोनीने २००५ च्या अखेरीस ही यंत्रे काढणे बंद केले. तेव्हापासून ज्यांच्याकडे आहे ते जपून वापरतात आणि बाकीच्यांच्या कॅसेटी तशाच पडून राहतात.

ओवाळणे झाले. दादाने सॅम्पलरची वायर जोडली. पडदा उजळला, फिकट, पण उजळला. आत अर्थातच काही नव्हते. त्याने 'गाव १' मशीनमध्ये घातली. पडद्यावर काहीतरी सरकू लागले. आम्ही तिघी श्वास रोखून बसलो होतो. वहिनींच्या हातात चकली तशीच. काही मिनिटांनी दादाने एक पट्टी दाबली आणि डोंबिवलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या गावच्या विठोबाच्या देवळातले टाळ वाजले. भाचीने टाळ्या पिटल्या. पाव शतकाहून अधिक काळ ते त्या फितीवर करकर होऊन पडून होते.

"आता पुढचं लावू," दादा म्हणाला.

"दादा, थांब," मी म्हटले. "पुढचं लागणार नाही. त्यात मी..."

"सहाव्या मिनिटाला येतेस तू," तो मशीनकडे पाहतच म्हणाला. "'अध्यक्षमहाराज आणि रसिक श्रोतेहो.'"

मी पाहत राहिले. किती साधी गोष्ट होती! टेप वाचली जात नाही म्हटल्यावर जो कुणी थोडाफार जाणकार आहे, तो आधी ती कानाने ऐकून पाहणार. त्याने स्टुडिओतच ऐकली होती, त्याच सकाळी, संगीतकारांच्या समोर.

"तुला राग नाही आला?"

"आला की. दोन महिने बोललो नाही मी तुझ्याशी."

"मला कळलंच नाही."

"तुझी परीक्षा होती ना," तो म्हणाला. वहिनी हसू लागल्या. मला हसू आले नाही.

त्याने कॅसेट बाहेर काढली, उलटी केली आणि तिच्या पाठीवरची चिमुकली खिटी मला दाखवली. ती सरकवली, की त्या कॅसेटवर पुन्हा काही मुद्रित करता येत नाही. "ही मी सरकवली नव्हती. आणि प्रत एकच काढली होती. कॅसेट महाग पडायची." मग जरा थांबून म्हणाला, "आणि आणखी एक तुला माहीत नाही. ही कॅसेट कोणती आहे? गावाला नेली होती तीच. आजोबांचा रात्रीचा गोंधळ हिच्यावरच होता. ठोके सॅम्पलरात आले, आता गोंधळ कशाला हवा म्हणून मी त्याच्यावरच बॅकअप घेतला. टेप आली म्हणून फ्लॉपीही मोकळ्या केल्या. तू तीन मिनिटं पुसलीस. मी पाऊण तास पुसला."

कुणीच काही बोलले नाही. आजोबा वारले त्यालाही आता वीस वर्षे होऊन गेली. पोथ्यांच्या शेवटी लेखनिकांचा एक जुना संस्कृत श्लोक असतो. त्यात पोथीच वाचणाऱ्याला विनवते: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. दरवर्षी हा श्लोक वर्गात सांगताना मी 'मूर्ख' या शब्दापाशी क्षणभर अडखळते. दादाही त्या मूर्खांच्या यादीत आपले नाव घालून ठेवील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

भाचीने मग व्यवहाराचे काम हाती घेतले. मशीनचे डिजिटल वायरीचे टोक तिने संगणकाला जोडले आणि सबंध टेप, करकरीसकट, जशीच्या तशी उतरवून घ्यायला सुरुवात केली. दादाने तिला दोनदा बजावले, की वायर डिजिटलच हवी. साध्या वायरीने घेतलेली करकर कानाला तशीच वाटेल, पण सॅम्पलर तिला ओळखणार नाही. तिने दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढल्या, एक मला दिली. मग एक फाइल उघडून सॅम्पलरला परत ऐकवलीदेखील आणि टाळ पुन्हा वाजले, तेव्हा कुठे दादाने मान डोलावली. कॅसेटची खिटी त्याने नखाने सरकवली.

"आत्याच्या भाषणाची वेगळी फाइल करू?" भाचीने विचारले. स्पीकरवर ती तीन मिनिटे लागली होती. आधी करकर, मग एक उंच, आत्मविश्वासाने भरलेला पोरकट आवाज, 'संस्कृती'वर पुरेसा जोर न देणारा, आणि एक वाक्य अर्धे असतानाच पुन्हा करकर. पुढचे वाक्य काय होते, ते मला आठवेना.

"कर," दादा म्हणाला.

"नाव काय देऊ?"

दादाने चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "संबळ," तो म्हणाला.